हळू लिहिली तरच डिस्क टिकते?

प्रश्न : लग्नाचे चित्रण डीव्हीडीवर घ्यायचे आहे. दुकानदार म्हणतो, सर्वांत कमी वेगानेच ‘बर्न’ करा. खरे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा सल्ला जुन्या सीडींच्या काळातला. तेव्हा संगणकाकडून माहिती वेळेवर न आल्यास डिस्क वाया जाई.

आजच्या १६एक्स डीव्हीडी-आरवरील रंगद्रव्याचा थर वेगवान लेखनासाठीच बनवलेला असतो. फार सावकाश लिहिल्यास लेझरच्या खुणा उलट बिघडूही शकतात. दुसरे टोकही नको: १६एक्सचा कमाल वेग गाठला जातो तो बाहेरच्या कडेला, आणि चुका बहुधा तिथेच वाढतात. तेव्हा ८एक्स निवडा.

लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ जरूर करा. टिकाऊपणा मात्र डिस्कच्या दर्जावर आणि ऊन-दमटपणापासूनच्या जपणुकीवरही ठरतो. लग्नाचे चित्रण आहे, एक प्रत हार्ड डिस्कवरही ठेवाच.