जखम आधी पाहावी, मग पट्टी बांधावी

भुकूमला भाताची कापणी आली, की सारे घर खाचरात असते. विळ्यांना धार लावलेली असते. अशाच घाईत एके वर्षी आमच्या डाव्या हाताच्या बोटावर विळा बसला. शेजारच्या काकांनी तंबाखू दाबली, वर कापूस ठेवला आणि चिंधी आवळली. रक्त थांबले. आम्हाला बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी चिंधी सोडली. कापूस जखमेला घट्ट चिकटला होता. तो ओढला, तशी नवी धरलेली कातडीही निघाली. आत पू झाला होता. आठ दिवसांची जखम, पण तिने दीड महिना घेतला! जन्मभर मुलांना शिकवले आम्ही. पण हा धडा आम्हाला बोटाने दिला.

चूक कुठं झाली? आम्ही जखम धुतली नाही आणि नीट पाहिलीही नाही.

आधी आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ फडके ठेवून १० मिनिटे सारखे दाबून धरावे. मधेच उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर स्वच्छ पाण्याने माती, काडी हलकेच धुऊन काढावी. मग पाहावे : जखम किती खोल आहे? कशाने झाली? कोरडी आहे, की पाझरते?

जशी जखम, तशी पट्टी. नुसते खरचटले असेल, तर लहान चिकटपट्टी पुरे. कापले असेल, तर व्हॅसलीनचा पातळ हात देऊन जाळीची पट्टी ठेवावी. ती चिकटत नाही. जखम पाझरत असेल, तर पट्टीची जाड घडी ठेवावी आणि भिजली की बदलावी. कापूस थेट जखमेवर कधीच ठेवू नये. त्याचे तंतू आत अडकतात. पट्टी चिकटलीच, तर उकळून थंड केलेल्या पाण्याने भिजवावी, मग सोडवावी.

भाजले, तर २० मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी. फोड फोडू नयेत. शाई, दंतमंजन लावू नये. भाजलेल्या जखमेला पट्टी चिकटली, की फार यातना होतात. म्हणून मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. त्याची माहिती २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पान गुळगुळीत असते, म्हणून चिकटत नाही. पण ते पान जंतुरहित केलेले होते. परसातले पान तोडून तसेच लावू नये!

कुत्रा चावला, तर १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवावे, पट्टी आवळू नये आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

जखम खोल असेल, कडा उघड्या राहत असतील, रक्त थांबत नसेल, खिळा रुतला असेल किंवा माणसाला मधुमेह असेल, तर घरी वेळ घालवू नये. लाली पसरली, ठणका वाढला, घाण वास आला किंवा ताप आला, तरीही दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे तेथे विचारावे. आपले गाव पौड रस्त्यावर आहे. दवाखाना दूर नाही. दूर असतो तो आपला आळस.

प्रश्न
१. कापूस थेट जखमेवर का ठेवू नये?
२. चिकटलेली पट्टी कशी सोडवावी?
३. तुमच्या घरी स्वच्छ पट्टी कोठे ठेवली आहे? आजच पाहा.