‘खोली रिकामी करा’ असे सांगितल्यास काय करावे?



आपल्या धर्मग्रामात भाड्याने राहणारी कुटुंबे आहेत, तशीच खोल्या भाड्याने देणारीही आहेत. ‘महिनाअखेर खोली रिकामी करा’ असे कानी पडताच अनेक कुटुंबे भीतीपोटी निमूटपणे सामान बांधतात. म्हणून कायदा काय सांगतो, हे दोघांनीही समजून घ्यावे.

१. आधी कागद पाहा. महिन्याच्या भाड्याने राहणारा ‘भाडेकरू’ आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा, या दोघांचे हक्क सारखे नसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी व नोंदणी केलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात.

२. भाडेकरू असाल तर: नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. मुंबईसह जेथे हा कायदा लागू आहे, तेथे नियमित भाडे भरणाऱ्याला कायद्यातील ठरावीक कारणाशिवाय काढता येत नाही. थकबाकीसाठी लेखी मागणी केल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय दावा करता येत नाही. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर कोणाची अडचण मोठी, हेही न्यायालय पाहते.

३. लिव्ह अँड लायसन्स असेल तर: मुदत संपल्यावर घर सोडावेच लागते. न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आल्यास ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी. समन्स कपाटात ठेवून देऊ नये.

४. जबरदस्ती चालत नाही. पाणी किंवा वीज तोडणे हा भाडेकरूवर दबाव आणण्याचा मार्ग नव्हे. कायद्याने त्यास मनाई आहे. कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढल्यास ताबा परत मिळवण्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो.

५. एवढे करा. भाड्याची पावती दर महिन्याला मागून घ्या. मालक भाडे घेत नसेल, तर ते मनिऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत मदत मिळते. दूरध्वनी क्रमांक १५१००.

घरमालक बंधूंनाही एक विनंती. अनुवादाच्या २४व्या अध्यायात सावकाराला आज्ञा आहे की, गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, दाराबाहेर उभे राहावे. सावकाराचा हक्क खराच, पण गरिबाच्या उंबरठ्याचाही मान आहे. आपली जागा परत मागणे हा अन्याय नव्हे. मात्र ती मागताना पुरेसा अवधी द्यावा आणि मुलांची परीक्षा, घरातील आजारपण यांचा विचार करावा. भाडेकरूनेही दिलेला शब्द पाळावा आणि दुसऱ्याचे घर अडवून बसू नये.