बीचे झाड आणि कलमाचे झाड

मुलांनो, संत्रे खाऊन झाले की हातात बिया उरतात. ‘या पेरल्या तर झाड येईल का?’ असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. झाड अवश्य येईल. मग बागाईतदार बिया पेरीत न बसता कलमे विकत आणून का लावतात? या प्रश्नाचे उत्तर मला आमच्याच शेतात मिळाले, आणि ते पुरते समजण्यास नऊ वर्षे लागली.

आमचे गाव विदर्भातील वरूड तालुक्यात आहे. १९६९ साली मी अकरा वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात माझ्या वडिलांनी कपाशीचे एक शेत मोडून तेथे संत्र्याची साठ कलमे लावली. विहिरीसाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते. बाग फळाला आली की ते फिटेल, अशी त्यांची आशा होती. पुढे हिवाळ्यात मीही एका गोड संत्र्याच्या चार बिया परसात पेरल्या. “बी वाळली की तिचा जीव जातो, ताजी असतानाच पेर,” असे आजोबांनी मला बजावले होते.

महिन्याभरात कोंब वर आले. मोजून पाहतो तो चार बियांचे सात कोंब! मी चकित झालो. याचे कारण मला पुढे कळले. संत्र्याच्या एका बीत बहुधा एकाहून अधिक गर्भ असतात. त्यांतील एखादा परागाच्या संयोगातून निर्माण होतो. बाकीचे मूळ झाडाच्याच पेशींपासून तयार होतात. म्हणून संत्र्याची पुष्कळशी रोपे आपल्या आईच्या वळणावर जातात. पपनसाचे तसे नाही. त्याच्या बीत एकच गर्भ असतो, आणि त्यापासून होणारे झाड कसे निघेल याचा भरवसा देता येत नाही.

त्याच थंडीत आजोबांनी मला एका रोपवाटिकेत नेले. तेथे जंबेरीची रोपे ओळीने उभी होती. जंबेरीचे फळ आंबट असते, पण तिची मुळे जोमदार असतात. म्हणून तिचे रोप वाढवून त्याचा खुंट म्हणून उपयोग करतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याची साल चाकूने चिरावयाची; चांगल्या संत्र्याच्या फांदीवरील एक डोळा सालीसकट अलगद काढावयाचा; तो त्या चिरेत बसवून वरून पट्टी बांधावयाची. यालाच डोळा भरणे म्हणतात. सुमारे तीन आठवड्यांत डोळा खुंटाशी एकजीव होतो. मग त्याच्या वरचा खुंट छाटून टाकतात. अशा झाडाची मुळे जंबेरीची आणि शेंडा संत्र्याचा असतो.

“डोळा लहान दिसतो खरा,” आजोबा म्हणाले, “पण तो फळाला आलेल्या झाडाचा आहे. त्याचे बालपण केव्हाच सरले आहे. तुझ्या रोपाचे मात्र अजून सारे बालपण जावयाचे आहे.” बीच्या झाडाला फळ उशिरा का येते आणि कलमाला लवकर का येते, याचे मर्म या दोन वाक्यांत होते.

घरी आल्यावर वडिलांनी मला एक काम सोपविले. “सांध्याखाली खुंटाला कोंब फुटतात, ते जंबेरीचे असतात. दर आठवड्याला साऱ्या बागेतून हिंडून ते खुडून टाकीत जा.” मी आनंदाने होकार दिला. प्रारंभी काही दिवस मी नेमाने गेलो. पुढे ओढ्याकाठच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाण्याचा कंटाळा येऊ लागला. संध्याकाळी वडील विचारीत, “सगळी झाडे पाहिलीस ना?” मी बेधडक “हो” म्हणे.

नवल असे, की त्या शेवटच्या ओळीतील अकरा झाडे इतरांहून उंच वाढली. त्यांना काटेही पुष्कळ होते. येणारे-जाणारे त्यांची वाखाणणी करीत आणि वडिलांचा चेहरा खुले.

१९७४ साली बागेला पहिला बहर आला. एकोणपन्नास झाडांवर संत्री रंगू लागली. त्या अकरा झाडांवर मात्र जाड, खडबडीत सालीची पिवळी फळे लागली. वडिलांनी एक फळ कापून चाखले आणि काही न बोलता ते बांधावर जाऊन बसले. आजोबांनी एका बुंध्याजवळची माती सारली. सांध्यावर संत्र्याची बोटाएवढी काडी वाळून गेली होती; सांध्याखालच्या जंबेरीच्या कोंबाचे खोड झाले होते.

मला रडू कोसळले. मी वडिलांजवळ जाऊन सारे सांगितले. ते मला रागे भरतील असे वाटले होते. पण ते बराच वेळ ओढ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कर्ज फिटायला आता दोन वर्षे अधिक लागतील. थंडी पडली की या झाडांवर पुन्हा डोळे भरू. पट्ट्या तू बांधायच्या.”

त्याप्रमाणे ती झाडे छाटली आणि त्यांच्या नव्या फुटीवर आमच्याच उत्तम झाडाचे डोळे भरले. या वेळी मी एकही आठवडा चुकविला नाही. परसातील बीच्या झाडाला पहिले फळ १९७८ साली आले. ते झाड उंच व काटेरी होते, पण संत्री आईसारखीच गोड निघाली. तोवर विहिरीचे कर्ज फिटले होते.

तेव्हा बी चांगली की कलम चांगले? विदर्भातील बागाईतदार संत्र्याचे कलम लावतो, कारण त्याला चार-पाच वर्षांत फळ हवे असते आणि जमिनीला मानवणारा खुंट निवडता येतो. परंतु कलमाबरोबर मूळ झाडाचे काही रोगही येऊ शकतात. म्हणून डोळा निरोगी झाडाचाच घ्यावा. लावताना सांधा मातीच्या वर राहील असे पाहावे, नाही तर बुंध्याला रोग जडण्याचे भय असते. कागदी लिंबाची रोपे मात्र आपल्याकडे बहुधा बीपासूनच करतात. ज्याच्यापाशी अंगण आहे आणि धीर आहे, त्याने संत्र्याचीही बी अवश्य पेरावी.

मात्र कोणतेही झाड लावा, शेवटच्या ओळीपर्यंत जावयास विसरू नका.

स्वाध्याय
१. लेखकाने पेरलेल्या चार बियांना सात कोंब का आले?
२. डोळा भरण्याची रीत तुमच्या शब्दांत सांगा.
३. शेवटच्या ओळीतील झाडे उंच वाढली, तरी ती बागेच्या कामाची का नव्हती?
४. ‘पट्ट्या तू बांधायच्या’ असे वडील का म्हणाले असतील? तुमचे मत लिहा.