बहुपीक सेंद्रिय शेत बघायला जाताय? आधी मंडईत चक्कर मारा



सेंद्रिय शेताची भेट म्हटली की आपण फोटो काढतो, जीवामृताचं प्रमाण विचारतो, पिकं मोजतो आणि परत येतो. घरी आल्यावर खरा प्रश्न पडतो: दहा पिकांची दहा-दहा किलो भाजी विकायची कुठं? एवढीशी खेप मार्केट यार्डात नेली तर गाडीभाडं आणि हमालीतच पैसे संपतात.

म्हणून भेटीआधी एका सकाळी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत जा. तिथलं गिऱ्हाईक पाव किलो घेवडा, दोन-चार गाजरं, चाकवताची एक जुडी असं घेतं. भोगीच्या भाजीला घेवडा, वालपापडी, गाजर, वांगी, हरभऱ्याचे घाटे सगळं थोडं थोडं लागतं. ऋषिपंचमीला अळू, सुरण, लाल माठ, भोपळा. गणपतीत तर आपण बांधावरून उपटून फेकतो तो आघाडा आणि दूर्वासुद्धा पैसे देऊन नेतात! मिश्र शेतातून माल निघतो तो असाच, थोडा थोडा आणि दहा तऱ्हेचा.

मग पेरणी सणापासून उलटी मोजा. भोगी साधारण 13 जानेवारीला. गाजराला 90 ते 100 दिवस लागतात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरा. घाट्यांसाठी हरभरा ऑक्टोबरच्या मध्याला. वांग्याची रोपं त्याच पंधरवड्यात लागलेली हवीत.

आता शेत कसं बघायचं ते. पालघर ओलांडलं की गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात देहरी गाव आहे. तिथं भास्कर सावे (1922–2015) यांनी ‘कल्पवृक्ष’ ही नारळ-चिकूची बाग उभी केली. आधी तेही रासायनिक खतंच वापरायचे. जपानचे मासानोबू फुकुओका ही बाग बघून गेले होते. सावेंची मांडणी अशी: अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी झाडं एकदम लावायची. भाजी, कडधान्य काही महिन्यांत पैसे देतं, मग केळी-पपई, आणि तोवर मोठी झाडं तयार होतात. पाणी खोडाशी न देता दोन ओळींमधल्या चरात द्यायचं. पालापाचोळा जागेवरच कुजू द्यायचा.

ज्यांचं नाव मंडईला आहे त्या जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच दुखणं मांडलंय. डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा पावसात ओढ्या-नाल्यांतून वाहून जातो, तो बांध घालून शेतात मुरवा, असं त्यांचं म्हणणं. 1883 च्या सुमारासची गोष्ट ही.

सावेंची बाग जशीच्या तशी उचलू नका. ती समुद्रकाठची हवा आहे. पुरंदरकडच्यांनी नारळाऐवजी अंजीर, सीताफळ, आंबा धरावा, बांधाला शेवगा, आणि झाडं लहान असेपर्यंत मधे घेवडा, चवळी, मेथी. सगळं रान एकदम बदलायची घाई नको. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठे पुरे.

भेटीत शेतमालकाला हे नक्की विचारा: पहिल्या दोन वर्षांत उत्पन्न किती घटलं? रोज तोडणीला माणसं किती लागतात? कोणतं पीक फसलं आणि का? झाडाखालची मूठभर माती आणि रस्त्याकडेची मूठभर माती हातात घेऊन वास घ्या, दाबून बघा. गांडुळं दिसतात का तेही बघा.

मंडईत जे बघाल ते वहीत टिपा: कोणती भाजी, जुडी केवढी, भाव काय. वही भेटीला सोबत आणा. दुपारी जेवणानंतर त्यावरूनच गटाचं पेरणीचं वेळापत्रक मांडू.