आधारवरचं वय

माझं खरं वय तेव्हा ३३, आधारवर ३६. थोरल्या भावासोबत शाळेत बसवायचं म्हणून गुरुजींनी तीन वर्षं वाढवून १ जून लावला होता. नेवाशाकडे आम्ही १ जूनवाल्या पुष्कळ आहोत. त्यामुळे कधी काही अडलं नाही. दुसऱ्या खेपेला बाराव्या आठवड्यात डबल मार्कर रक्तचाचणीचा फॉर्म आधार बघून भरला गेला, तेव्हा अडलं.

रिपोर्ट मोबाइलवर आला. लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’, १:१९०. बाळाला डाउन सिंड्रोम आहे असंच मी वाचलं आणि दोन दिवस जेवले नाही. खरं तर असा आकडा आलेल्या १९० जणींत एकीच्याच बाळात तो निघतो. हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. १:२५० ची रेघ ओलांडली, एवढ्यावर सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासणी ठरली.

आत्यांचा जीव वेगळ्याच कारणानं घाबरा झाला. "मुलगा-मुलगी बघायची तीच ना गं ही?" त्यांचं चुकलं नव्हतं. त्या पापासाठी ती इतकी वापरली गेली की १९८८ मध्ये महाराष्ट्राला आणि १९९४ मध्ये देशाला कायदा करावा लागला. आता ती नोंदणी असलेल्या केंद्रातच, आईच्या लेखी संमतीनं होते. लिंग सांगणं गुन्हा आहे.

गर्भजलाची सुई झाली आणि दुसऱ्या दिवशी पाणी झिरपू लागलं. गर्भ पडण्याचा धोका हल्ली शंभरात एकाहूनही कमी धरतात. अंथरुणात पडून काढलेल्या त्या आठ रात्री मला मात्र तो एकच दिसत होता. पाणी आपोआप थांबलं. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, बाळ ठीक होतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी खरं वय घालून हिशेब मांडला, तो १:३६० निघाला. रेघ ओलांडलीच नव्हती.

बायांनो, डबल मार्कर ही चाळण आहे, निदान नव्हे. फॉर्मवरचं वय, वजन, पाळीची तारीख स्वतः वाचा, मगच दंड पुढे करा. धोका दाखवला, तर एनआयपीटीबद्दल विचारा. दहाव्या आठवड्यापासून आईच्याच रक्तावर होते, बाळाजवळ सुई जात नाही. महाग आहे, आणि तीही चाळणच. तेवढ्यावर गर्भपात ठरवू नका, खात्रीला गर्भजलासारखी निदानाची तपासणी लागते. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर आधी नवरा-बायकोनं रक्त तपासावं. बहुतेक वेळा तिथंच प्रश्न मिटतो.

निकाल वाईट आला तर काय, हे आम्ही पहिल्यांदा बोललो ते नेवासा फाट्यावर, सुईसाठी जायला नगरच्या एसटीची वाट बघताना. ह्यांनी विचारलं, "तसं निघालं तरी बाळ ठेवायचंच ना आपण?" मी हो म्हणाले. मग सुई कशाला, हे दोघांनाही सुचलं नाही. एसटी आली, आम्ही बसलो.