नळीतली नदी

काशीत, राजा घाटामागच्या गल्लीत राहायला गेलेला मराठी माणूस दिवसभर करतो काय, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. गंगास्नान, पोथ्या, थोडं गाणं असं उत्तर त्यांना हवं असतं. मी प्लास्टिकच्या पाइपात दगड फिरवतो. निवृत्त माणसाला एवढा चळ माफ असावा. दगड घोटायचं हे घरगुती यंत्र बनवता-चालवताना जे उमगत गेलं, ते असं.

१. यंत्र बनवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप दीड वीत कापला. एका तोंडाला टोपण सॉल्व्हंट सिमेंटने कायमचं बसवलं, दुसऱ्याला रबरी वॉशर असलेलं आट्यांचं झाकण लावलं. खाली बेअरिंगवर दोन दांडे, दांड्यांवर रबरी नळी चढवलेली, आणि एक दांडा पट्ट्याने मोटरला जोडलेला. एवढंच. सामान घेताना दुकानदाराने विचारलं, घर किती मजली? म्हटलं, घर नाही, दगड घोटायचेत. त्याने पैसे मोजून घेतले आणि पुढे काही विचारलं नाही. या गावात कुणाच्या वेडाची चौकशी करायची पद्धत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं.

२. घाई केली की काम थांबतं, आणि हे सुभाषित नाही, पदार्थविज्ञान आहे. दहा सेंटीमीटर आतल्या व्यासाची नळी मिनिटाला १३४ च्या आसपास फेरे घ्यायला लागली की दगड तिच्या भिंतीला चिकटून नुसते गरगरतात. कोणी कोणावर घासत नाही. आवाज मात्र मोठ्या उद्योगाचा येतो. फेरे ५०-६० वर आणले की दगड भिंतीबरोबर थोडे वर चढतात आणि एकमेकांवरून घसरत खाली येतात. झीज होते ती त्या घसरण्यात. मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे माझी बरीचशी कारागिरी तिला हळू करण्यात खर्ची पडली. उभा जन्म नोकरीत इतरांना पळवण्यात गेला होता, त्यामुळे हे जरा लागलं.

३. गुळगुळीत नळीत दगड गुळगुळीत होत नाहीत. पीव्हीसीचं अंग आतून इतकं निसरडं की सगळा ऐवज एका गठ्ठ्याने तळाशी सरकत राहतो. म्हणून आत लांबीच्या दिशेने पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे दगडांना वर चढायला आधार मिळतो. नळी निम्म्याहून थोडी जास्त भरायची. रिकामी जागा फार राहिली तर दगड उंचावरून आपटून फुटतात, ठासून भरली तर हलतच नाहीत. किती जागा मोकळी सोडायची याचा अंदाज मी आता कानाने घेतो. ठणठण नको, एकसारखी सळसळ हवी.

४. सगळ्या दगडांना एका पंक्तीला बसवता येत नाही. कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर अकीक साडेसहा-सात, संगमरवर तीन. दोघं एकत्र फिरले तर अकीक जेमतेम ओला होतो आणि संगमरवराचं दूध होतं. पण खरं नवल चुनारच्या दगडाचं. इथले घाट ज्याने बांधले, तोच हा वालुकाश्म. त्याचा कण न् कण गारेचा, म्हणजे चांगला सातच्या कठीणपणाचा. तरी त्याची कपची नळीत गोल होण्याआधी कुरतडली जाते, कारण कणांना धरून ठेवणारं बंधन तेवढं पक्कं नसतं. सुटे सुटे कणखर असून भागत नाही, हे कळायला मला कुटुंबातली दोन वाटणीपत्रं पुरली नव्हती. चिमूटभर वाळूने ते काम केलं.

५. आपल्याला सुचलं ते कुणाला तरी आधीच सुचलेलं असतं. गुजरातेतल्या खंभातचे कारागीर अकिकाचे मणी चामड्याच्या पिशवीत कुरुंदाची भुकटी आणि पाणी घालून भरत. दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी दहा-पंधरा दिवस इकडून तिकडे लोळवत. पुढे पिशवीच्या जागी विजेवरचे पिंप आले. १८७९ साली दोब्रे या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने फिरत्या पिंपात दगड घालून नदी त्यांना कशी झिजवते याचे प्रयोग छापले. म्हणजे माझ्या गॅलरीत नवं असं फक्त प्लास्टिक. खंभातची एक गोष्ट मात्र हौशी माणसाने विसरू नये. अकीक कोरडा घासणाऱ्यांच्या फुप्फुसात त्याची धूळ बसते आणि सिलिकोसिसने माणसं मरतात. माझा दगड ओलाच फिरतो, गाळही मी ओला असतानाच काढतो. माझ्या छंदाची किंमत मला द्यावी लागत नाही, ती इतर कुणी तरी पोटासाठी दिलेली आहे.

६. चमक ही बेरीज नसून वजाबाकी आहे. आधी ६०-९० नंबरची कार्बोरंडमची भुकटी, मग २२०, मग ५००-६००, शेवटी सेरियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला आठवडाभर. दोन टप्प्यांमध्ये दगड, झाकण, आटे सगळं धुऊन काढायचं, कारण भरड भुकटीचा एक दाणा मागे राहिला तर शेवटच्या पॉलिशवर ओरखडे पाडतो. गाळ मोरीत ओतायचा नाही, तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. शेवटी तराजू काढला तर दगडाचा पाचवा-सहावा हिस्सा त्या गाळात गेलेला असतो. दगडाला मी काहीच दिलेलं नसतं. फक्त त्याच्या अंगावरचे खड्डे निघून गेल्यामुळे उजेड सरळ परत येतो, आणि पाहणारे माझं कौतुक करतात.

७. घरमालकीणबाई, म्हणजे आजी, तीन पिढ्यांच्या काशीकर. गॅलरीतली घरघर ऐकून म्हणाल्या, "अहो, एवढी वीज कशाला जाळता? गंगेला द्या की, ती फुकट करून देते." मी खाली जाऊन पाहिलं तर राजा घाटाच्या पाण्यात घोटीव गोटा म्हणून नाही. पलीकडच्या काठावर नजर पोहोचेल तिथवर वाळू. गोटे हरिद्वार-हृषीकेशला. मैदानात उतरल्यावर नदीचा उतार मोडतो, जडाला ती मागेच टाकते आणि काशीपर्यंत नुसती वाळू नि गाळ आणते. आजींच्या देवघरात पंचायतन आहे. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोणनदाचा तांबडा गणपती. पाचांतले हे तीन तरी नद्यांनी घोटलेले. ते पाहताना लक्षात आलं की हे देव वाटेतच कुणीतरी उचलले म्हणून देव राहिले. नदीला थांबणं माहीत नाही. घोटणारी तीच आणि वाळू करणारीही तीच. मधे कुठे हात घालायचा, एवढंच माणसाच्या वाट्याला येतं.

८. योग्य वेळी बाहेर पडणं ही मोठी विद्या आहे. आमच्या घाटाला पूर्वी अमृतराव घाट म्हणत. अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०३ साली त्यांनी पेशवाईची ओढाताण सोडून इंग्रजांकडून वर्षाला सात लाखांची नेमणूक घेतली, चित्रकूटजवळची करवी आणि काशी जवळ केली आणि १८२४ साली इथेच देह ठेवला. धाकटे बंधू दुसरे बाजीराव १८१८ पर्यंत ताणत राहिले आणि आठ लाखांवर बिठूरला गेले. एका लाखासाठी पंधरा वर्षं आणि राज्य! इतिहासकार माझा हा हिशेब मान्य करणार नाहीत, पण मोटरच्या बटणाशी बसलेल्या माणसाला तो पटतो.

९. काही दगड फिरवायचेच नसतात. करवीच्या पलीकडे बांदा लागतं. बाजीराव-मस्तानीचा नातू अली बहादूर याच्या वंशाची तिथे नबाबी होती. तिथल्या केन नदीत शजर नावाचा अकीक सापडतो. आत झाडाझुडपांची नक्षी, आणि ती वनस्पती नव्हे, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांनी फटीत धरलेला आकार. केनला मिळणारी सोनार नदी सागर जिल्ह्यातून येते, आणि अकिकाला जन्म देणारा आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण थेट सागरपर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे हा दगड हातात घेतला की मला उगाच गाववाला भेटल्यासारखं होतं. शजरचं झाड मात्र दगडात पातळ थरात असतं. नळी आंधळी. ती सगळीकडून सारखंच खाते, खोड कुठे आणि फांदी कुठे हे तिला दिसत नाही. बांद्याचा कारागीर दगड उजेडाला धरतो, झाड कुठे आहे ते पाहतो आणि तेवढीच चकती काढतो. तेव्हा शजर आला की मी नळीत टाकत नाही, बांद्याला पाठवतो. घडणावळ मुकाट्याने देतो. आपलं यंत्र कशासाठी नाही हे ठाऊक झाल्यापासून ते मला जास्त आवडायला लागलं आहे.