रानडुकरांसाठी पिस्तूल घेऊ का?

प्रश्न : राळेगाव तालुक्यात शेत आहे. रानडुकरं आणि रोही पीक ठेवत नाहीत, वाघाचीही भीती. लेझर बसवलेलं नवं पिस्तूल घेतलं तर राखण आणि शिकार दोन्ही होईल का?

उत्तर : शिकारीचं आधी मनातून काढा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे. पिकाचा नाश करणारं डुक्कर किंवा रोही मारायचा तरी वनविभागाची लेखी परवानगी हातात हवी. विनापरवाना मारलं तर गुन्हा तुमच्यावरच. जीव वाचवताना नाइलाजाने जनावर मेलं तर कायदा सवलत देतो, पण ती शिकारीला निघालेल्यासाठी नाही.

आता पिस्तूल. परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलिसांच्या चौकशीनंतर. 9 मि.मी. सामान्य नागरिकाला मिळत नाही; .32 बोअर मिळू शकतं, पण त्यासाठी जिवाला असलेला धोका पटवून द्यावा लागतो. पीकरक्षणासाठी 1959 च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. अर्ज करायचाच तर तिचा करा.

आणि लेझर? लाल ठिपक्याने गोळीचा जोर वाढत नाही. अंधारात बिथरलेल्या डुकरावर पिस्तूल झाडणं म्हणजे जखमी जनावर अंगावर घेणं. वाघाचं तर बोलूच नका. तुमच्याच भागातल्या अवनी वाघिणीला 2018 मध्ये गाठायला वनखात्याला महिनोन्‌महिने लागले होते.

त्यापेक्षा सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा आणि नुकसान झालं की लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन पंचनामा करून घ्या.